पाचशे ग्रॅम

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन ठिकाणी निवडणे चालते. स्वयंपाकघरात मी मेथी निवडत असते आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या उजेडाला टेबल लावून, अण्णा छर्रे निवडत असतात. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८१. टेबलावर स्टीलचे ताट, जुन्या तावदानाची एक काच, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा, एक भिंग आणि पत्र्याची चपटी डबी. डबीत ५०० छर्रे असतात. छर्रा शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटर जाडीचा आणि आकाराने थेट डमरूसारखा : पुढचे तोंड सपाट, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. अण्णा एकेक छर्रा काचेवर आडवा ठेवून हलकेच घरंगळू देतात. नीट घडलेला छर्रा एका डौलदार वळणाने फिरतो. ज्याचा घेर कुठे दबला आहे तो अडखळतो. अडखळलेला छर्रा वाटीत जातो, उरलेले ताटात. मग वजन, मग भिंगाखाली तपासणी. दोन तासांनी ते साबणाने हात धुतात (शिसे विषारी, हे ते दर वेळी न चुकता सांगतात) आणि वहीत आकडे लिहितात.

हे सारे माझ्या लेकीसाठी. ती दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार खेळते. मी मराठी शिकवते. नेमबाजीतले मला काही कळत नव्हते आणि कळून घेण्याची इच्छाही नव्हती. इच्छा का नव्हती, हे सांगायचे तर आधी पुलापलीकडे जावे लागेल.

दापोडी आणि खडकी ह्यांच्यामध्ये मुळा नदी आहे. दापोडीची ओळख बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे असते : सैन्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा. आमच्या घराची ओळख मात्र नदीपलीकडे होती. अण्णा रोज सायकलने हॅरिस पूल ओलांडत, बोपोडी मागे टाकत आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात. हा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरे असत. इंग्रजांनी खडकीचे ‘किर्की’ केले, त्या किर्की फॅक्टरीची ती आद्याक्षरे. २०२१ साली देशातल्या आयुधनिर्माणींची पुनर्रचना झाली आणि हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया’ ह्या सरकारी कंपनीत गेला. अण्णा त्याआधीच, २००४ साली, निवृत्त झाले होते.

ते एक्झामिनर होते, म्हणजे तपासनीस. त्यांच्या कामाचे वर्णन ते एका वाक्यात करीत : ‘गेजमध्ये घालायचे आणि बघायचे.’ गेज दोन. एकाचे नाव ‘गो’, दुसऱ्याचे ‘नो-गो’. तयार झालेली वस्तू पहिल्यात गेली पाहिजे आणि दुसऱ्यात जाता कामा नये. ह्या दोहोंच्या मध्ये जी केसाएवढी जागा उरते, तिला कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणतात. जगात कुठलीही वस्तू ठरवल्या मापाची अगदी तंतोतंत बनत नाही. तेव्हा किती चुकलेले चालेल, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. लहानपणी मला हा शब्द फार आवडे. पुढे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द सहिष्णुता ह्या अर्थाने भेटला तेव्हा अण्णांच्या डब्यातली भाकरी आठवली होती.

१९९९च्या उन्हाळ्यात मी एम.ए.ला होते. कारगिलचे युद्ध चालू होते. अण्णा उशिरा घरी येत, जेवत आणि झोपत. आम्ही विद्यार्थी तेव्हा युद्धविरोधी कविता वाचत होतो आणि वर्तमानपत्रांतल्या शवपेट्यांची छायाचित्रे बघत होतो. एका रात्री मी त्यांना विचारले, ‘अण्णा, तुम्ही पास केलेल्या काडतुसाने कोण मेले असेल, हा विचार तुमच्या मनात कधी येतो का?’ आईने भांडे जोरात ठेवले. अण्णांनी ताटातला भात संपवला, हात धुतला आणि गच्चीवर गेले. त्यांनी उत्तर दिले नाही. मीही पुन्हा विचारले नाही. परंतु त्या घरात त्यानंतर काहीतरी मोजून-मापून बोलले जाऊ लागले, हे खरे.

म्हणूनच लेकीने शाळेतल्या शिबिरातून परत येऊन ‘मला पिस्तूल शिकायचे आहे’ असे जाहीर केले तेव्हा मला धक्का बसला, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद बघून दुसरा. महाराष्ट्रात ही आवड आता नवलाईची राहिलेली नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. तिघेही कोल्हापूरकडचे, स्वप्नीलची पुढची तयारी आमच्याच शहराच्या कडेला, बालेवाडीला झालेली. तेव्हा मुलीला अडवावे असे कारण माझ्यापाशी नव्हते; होती ती एक जुनी अढी.

वापरलेले एक जर्मन पिस्तूल आम्ही विकत घेतले. वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि साडेचार मिलिमीटरच्या आतल्या हवाई शस्त्राला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. खऱ्या बंदुकीची गोष्ट वेगळी : १९५९च्या शस्त्र कायद्याने काडतूस बनवणेच काय, बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी करण्याचा धंदाही परवान्याखाली आणला आहे. तेव्हा ज्या माणसाने ३८ वर्षे काडतुसे तपासली, त्याला निवृत्तीनंतर हात लावण्याजोगे कायदेशीर हत्यार म्हणजे हे हवेवर चालणारे पिस्तूल.

आणि हात लावण्यासारखे त्यात पुष्कळ होते. प्रशिक्षकांनी पहिल्याच महिन्यात सांगितले की प्रत्येक नळीला तिचा छर्रा असतो. डब्यांवर छर्ऱ्याच्या तोंडाचे माप छापलेले असते : ४.४९, ४.५०, ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा. पण नळीच्या आत पीळदार खाचा असतात. हवेच्या दाबाने छर्ऱ्याचा मागचा घेर फुलतो, त्या खाचांना चिकटतो आणि छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. कुठल्या नळीत कुठले माप नीट बसेल हे कागदावरून ठरत नाही. म्हणून पिस्तूल व्हाइसमध्ये आवळायचे, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी झाडायचे आणि कागदाला पडलेले भोक मोजायचे. ज्या मापाचे भोक सर्वांत लहान, ते माप त्या नळीचे. रायफलवाले तर ह्याच्याही पुढे जातात. एली, लापुआ ह्यांसारख्या काडतूस-उत्पादकांची चाचणी केंद्रे आहेत. खेळाडू आपली रायफल घेऊन तिथे जातात, पन्नास मीटरवर वेगवेगळ्या ‘लॉट’ची काडतुसे झाडून बघतात आणि जो लॉट जुळेल तो वर्षभराचा म्हणून उचलतात. एकाच कारखान्यातली, एकाच यंत्रावरची, एकाच जातीची काडतुसे. तरी एका नळीला सोमवारची मानवतात आणि दुसरीला गुरुवारची.

अण्णांना हे ऐकून आश्चर्य वाटले होते. मला आठवते, ते म्हणाले, ‘आमच्याकडे उलटे होते. कुठलेही काडतूस कुठल्याही रायफलीत चालले पाहिजे. ते वेगळे निघाले की मी ते बाजूला काढायचो.’ सैन्याला जे हवे असते ते सरसकट सारखेपण. कोणत्या जवानाच्या हातात कोणते काडतूस पडेल ह्याचा नेम नसतो. खेळाला हवे असते ते ह्या नळीला, ह्या हाताला, ह्या मुलीला मानवणारे एक. आयुष्यभर पहिल्या प्रकारची निवड केलेला माणूस पंचाहत्तरीनंतर दुसऱ्या प्रकारची निवड शिकू लागला.

आजोबा-नातीने मोबाइलवर बघण्याचा एक छंद ह्याच काळात लावून घेतला : अमेरिकेतली ‘काउबॉय’ नेमबाजी. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात हा खेळ सुरू झाला आणि १९८७ साली त्याची ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ ही संघटना स्थापन झाली. रुंद काठाच्या टोप्या आणि बूट घातलेली, बहुतेक पोक्त वयाची माणसे एकोणिसाव्या शतकातल्या धर्तीची हत्यारे घेऊन येतात : दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारी दोन रिव्हॉल्व्हरे, लिव्हरची एक रायफल आणि जुन्या बनावटीची शॉटगन. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचे असते. लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडायच्या, ठणठण आवाज यायचा आणि घड्याळ चालू असायचे. मला ते नाटकच वाटले. अण्णांना त्यातल्या टोप्या दिसतच नसत. ते बघत असत ती हत्यारे कशी ‘लावली’ आहेत ते. त्या खेळात जिंकण्याची निम्मी तयारी घरच्या कामाच्या टेबलावर होते : स्प्रिंगा हलक्या करायच्या, एकमेकांवर घासणारे भाग गुळगुळीत करायचे, रायफलीच्या लिव्हरचा हेलपाटा कमी करायचा, काडतुसेही घरीच भरायची, शिशाची गोळी आणि दारू बेताचीच, म्हणजे झटका कमी बसतो आणि हात पुढच्या पत्र्याकडे लवकर वळतो. मूळ हत्यारे १८७३च्या सुमाराची. म्हणजे खडकीचा कारखाना त्या रिव्हॉल्व्हरपेक्षा चार वर्षांनी वडील. हे अण्णांनी हिशेब करून सांगितले, तेही थोड्या अभिमानाने.

त्या खेळाचा एक नियम मात्र मला तेव्हा लक्षात आला नाही आणि नंतर फार आठवला. दारू कमी करत नेली तर झटका कमी होतो हे खरे. परंतु किती कमी करायची ह्याला तळ घातलेला आहे. गोळीचा वेग सेकंदाला ४०० फुटांच्या खाली जाता कामा नये, आणि तिचे वजन व वेग ह्यांच्या गुणाकाराचीही एक किमान मर्यादा आहे. तळ घातला नाही तर स्पर्धक हलकेपणाच्या मागे लागून बंदुकीचे खेळणे करतील, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक असावे. जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला कुठे थांबावे हे कळेलच असे नाही. म्हणून नियम त्याच्या वतीने थांबतो.

एअर पिस्तुलात तो तळ चापाला आहे. चाप किमान ५०० ग्रॅमचे वजन पेलणारा असावा लागतो. त्यापेक्षा हलका चाप अर्थातच सोयीचा. बोटाला जितका जोर कमी लावावा लागेल तितके पिस्तूल कमी हलते. स्पर्धेआधी साधनांची तपासणी होते. नळी उभी धरून चापावर ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. वजन उचलले जाईपर्यंत चाप सुटला नाही तर पास. तीन संधी मिळतात. गो, नो-गो.

लेकीची तक्रार होती की तिचा चाप जड आहे. अण्णांनी घरी वजन तयार केले : एका डबीत वाळू भरून, वाण्याच्या काट्यावर तोलून, बरोबर ५०० ग्रॅम. आठवडाभर रोज संध्याकाळी ते बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आणि डबी अडकवून बघत. शेवटी एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. डबी उचलली गेली, चाप सुटला नाही. स्क्रू किंचित फिरवला; सुटला. पुन्हा मागे घेतला; राहिला. ‘नेमका पाचशे,’ ते म्हणाले. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत-सरकवत जवारी लावतो आणि मग मान किंचित कलती करून ऐकत राहतो, तसे ते त्या डबीकडे बघत होते.

२०२३च्या डिसेंबरात एका स्पर्धेला आम्ही तिघेही गेलो. तपासणीच्या टेबलावर वजन अडकवले, उचलले, आणि चाप सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा सुटला. तपासणी करणारे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, ‘ॲडजस्ट करून आणा.’ त्यांची चूक काहीच नव्हती. उलट स्पर्धेनंतरच्या तपासणीत हे निघाले असते तर मुलगी बादच झाली असती. अण्णांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण त्यांची बोटे थरथरू लागली आणि स्क्रूच्या खाचेत पाते बसेना. शेवटी लेकीनेच तो हातातून घेतला आणि अंदाजाने दोन पूर्ण फेरे आवळले. चाप पास झाला. मात्र आता तो तिच्या बोटाला परका होता. पहिल्या दहा फैरींत ८६ गुण पडले. ती रडली नाही, हे मला आवडले. शेवटच्या दहांत ९३ आले. एकूण ६०० पैकी ५४१. तिच्या नेहमीच्या गुणांपेक्षा कमी, तरी लाज वाटावी असे नव्हे.

चूक कुठे झाली? वाण्याचा काटा दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे असेल. घरची डबी चापाच्या एका जागी लटकत असेल आणि तिथले वजन दुसऱ्या जागी. कारणे शोधली तर सापडतात. पण अण्णांना खरे कारण ठाऊक होते आणि ते त्यांनी घरी आल्यावर रात्री सांगितले. ‘मी टॉलरन्स ठेवला नाही. शिकाऊ पोरसुद्धा ही चूक करणार नाही. पाचशेची अट असेल तर माल पाचशे वीसला लावायचा. मी अट हेच माप धरले.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘तिला हलके पडावे म्हणून.’

मराठीत ‘नेम’ हा एक विलक्षण शब्द आहे. नेम म्हणजे रोख, नेम म्हणजे व्रत आणि नेम म्हणजे खात्रीही. नेम धरतात, नेम पाळतात, आणि ज्याचा भरवसा नाही त्याचा नेम नसतो. ‘नेमका’ ह्या विशेषणात हे सगळे एकवटले आहे. ३८ वर्षे अण्णांचा नेम व्रताचा होता. त्यात समोर कोण आहे ह्याला जागाच नव्हती. नातीसमोर तो रोखाचा झाला, आणि तिथे त्यांचा हात चुकला.

त्याच रात्री, दिवा मालवण्याआधी, ते म्हणाले, ‘तू मला मागे एकदा विचारले होतेस.’ चोवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांना शब्दशः पाठ होता. ‘माझ्या गेजमधून एखादे खराब काडतूस निसटले असते तर ते कुणाच्या तरी रायफलीत अडकले असते. ऐन वेळी. तो कुणीतरी आपल्याकडचाच पोरगा असता. मी त्याचा विचार करायचो. पलीकडे कोण आहे ह्याचा नाही केला. केला असता तर हात आज थरथरला तसा तेव्हाच थरथरला असता.’

हे उत्तर मला पुरते पटले असे मी म्हणणार नाही. पलीकडेही कुणाचे तरी पोर असते, आणि त्याच्या बाजूच्या कारखान्यातही असाच एखादा प्रामाणिक तपासनीस असतो; दोघांच्या प्रामाणिकपणाची बेरीज केली तर ती भीषण येते. माझा प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु तो विचारताना मी समोरच्या माणसाला गो आणि नो-गो ह्या दोनच गेजांत घालून बघितले होते. मधली जागा मी ठेवली नव्हती. आम्ही साहित्य शिकवणारे लोक पात्रांच्या बाबतीत ही जागा किती उदारपणे ठेवतो! खुनी नायकाची बाजू विद्यार्थ्यांपुढे तासभर मांडतो. घरात, जेवायला बसलेल्या बापाच्या बाबतीत मात्र मला ते जमले नाही.

अण्णांना छर्रे निवडण्याची गरज नाही, हे आता मलाही कळते. व्हाइसमध्ये आवळलेल्या पिस्तुलाचे सगळे छर्रे दहाच्या वर्तुळात सहज मावतात. ते वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे आहे. काचेवर अडखळणारे पाच-दहा छर्रे काढून टाकल्याने जो फरक पडेल तो तिच्या मनगटाच्या थरथरीपुढे नगण्य आहे. प्रशिक्षकांनी हे त्यांना समजावून सांगितले आणि अण्णांनी ते मान्यही केले. तरी रविवारी सकाळी काच पुसली जाते, डबी उघडते.

चापाचे काम मात्र त्यांनी सोडले. ते आता लेक स्वतः करते. अण्णा फक्त वजन उचलून धरतात. डबीतली वाळू काढून त्यांनी रीतसर प्रमाणित वजन आणले आहे. गेल्या रविवारी मी मेथी घेऊन बाहेरच्या खोलीत त्यांच्याच टेबलाशी बसले. आतून लेकीने विचारले, ‘आजोबा, किती ठेवू?’

‘पाचशे वीस,’ अण्णा म्हणाले, आणि काचेवरून घरंगळणाऱ्या छर्ऱ्यावरची नजर काढली नाही.